पोलादाची पुण्याई आणि ॲल्युमिनियमवरचा आळ

जुन्या शर्यतीच्या गाड्या बाळगणाऱ्या, त्या दुरुस्त करणाऱ्या आणि अजूनही ट्रॅकवर हाकणाऱ्या मंडळींत एक मत इतके मुरले आहे की त्यावर वाद होऊ शकतो, हेही कुणाला सुचत नाही. चाकाला सांगाड्याशी जोडणारे भाग, म्हणजे विशबोन, अपराइट, हब, रॉकर, रॅडियस रॉड, हे पोलादाचेच असले पाहिजेत, असे ते मत. पोलाद मोडण्याआधी वाकते आणि वाकून मालकाला सावध करते. ॲल्युमिनियम मात्र शेवटच्या क्षणापर्यंत सरळ दिसते आणि मग एकदम तुटते. म्हणून पहिला धातू विश्वासाचा, दुसरा दग्याचा. जुनी गाडी हाती आली की तिच्यातले हलक्या धातूचे भाग काढून पोलादी बसवून घ्या, हा सल्ला यातूनच निघतो. तो देणारा माणूस बहुधा हात काळे केलेला, अनुभवी असतो. त्यामुळे सल्ला ऐकला जातो. त्यामुळेच त्याचा समाचार घेणे भाग आहे.

माझ्या मते हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यामागचा सिद्धांत त्याहून चुकीचा. पण प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या सोयीने पातळ करून मग त्याच्यावर मात करण्यात काही पुरुषार्थ नाही. आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

त्यातला सर्वांत जड युक्तिवाद धातूच्या थकव्याचा. एखाद्या भागावर ताण पुनःपुन्हा येत राहिला, तर तो भाग एरवी सहज पेलू शकला असता अशा ताणालाही तुटतो. पोलादाच्या नमुन्यांत मात्र प्रयोगशाळेत एक सीमा दिसते. धातूच्या अंतिम ताकदीच्या साधारण निम्म्याखाली ताण ठेवला, तर आवर्तने कितीही होवोत, नमुना तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी सीमा नाही. ताण कमी केला की त्याचे आयुष्य वाढते, पण अनंत होत नाही. दुसरा युक्तिवाद वाकण्याचा, तो वर आलाच. तिसरा तपासणीचा. पोलादी भाग चुंबकित करून त्यावर लोहचूर्ण सोडले की केसाएवढा तडाही उठून दिसतो. ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही. चौथा इतिहासाचा. त्या काळच्या गाड्या पोलादावर धावल्या, पोलादावर जिंकल्या, मग आपण शहाणपणा का करावा? आणि साक्षीदार म्हणून दोन नावे पुढे येतात. १९५४ साली भूमध्य समुद्रावर हवेतच फुटलेली कॉमेट विमाने, ज्यांचे ॲल्युमिनियमचे धड थकव्याने फाटले. आणि शर्यतपटू पीटर रेव्हसन, जो वीस वर्षांनंतरच्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कयालामीला सराव करताना मरण पावला. त्याच्या शॅडो गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनमधला टायटॅनियमचा बॉल जॉइंट तुटला होता. हलक्या धातूचा मोह जीव घेतो, हा निष्कर्ष.

यातली विधाने एकेकटी घेतली तर बहुतेक खरी आहेत. म्हणूनच हे मत इतके चिवट आहे. पण खऱ्या विधानांतून खोटा निष्कर्ष काढता येतो, हे न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

वाकण्यापासून सुरुवात करू, कारण लोकांच्या मनावर खरी पकड त्याचीच आहे. पोलाद वाकून इशारा देते, हे खरे कधी? एका जबर आघाताच्या वेळी. चाक कर्बवर आपटले, गाडी कठड्याला घासली, की पोलादी विशबोन वाकते, स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागते, चालक पिटमध्ये येतो. इथे पोलाद उजवे आहे, मान्य. पण थकव्याने जाणारा तडा ही निराळी गोष्ट आहे. तो एखाद्या भोकाच्या काठाशी, वेल्डिंगच्या कडेला, गंजाच्या खड्ड्यात सुरू होतो आणि दर फेरीला किंचित पुढे सरकतो. उरलेला छेद भार पेलत राहतो, आणि एका वळणावर पेलत नाही. या साऱ्या काळात भाग बाहेरून सरळच असतो. पोलादाचाही. कितीही मऊ पोलाद घ्या, थकव्याने तुटले की तुटलेली जागा सपाट आणि ठिसूळ दिसते. वाकल्याची खूण शेवटच्या उरलेल्या तुकड्यापुरती. म्हणजे ज्या प्रकारच्या मोडण्याची आपल्याला खरी भीती आहे, त्या प्रकारात पोलादाचा हा प्रसिद्ध इशारा मिळतच नाही.

पुरावा हवा? १८ जून १९६०, बेल्जियममधील स्पा. सरावाच्या वेळी बर्ननव्हिलच्या वेगवान वळणावर स्टर्लिंग मॉसच्या लोटस १८ गाडीचा मागचा स्टब ॲक्सल तुटला, चाक निखळले आणि मॉसचे दोन्ही पाय मोडले. त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा स्टिअरिंग कॉलम वेल्डिंगपाशी तुटला. तिचा चालक माइक टेलर गाडीसकट झाडीत गेला. त्याची शर्यतीतली कारकीर्द तिथेच संपली, आणि पुढे त्याने लोटसवर दावा लावून भरपाई मिळवली. दोन्ही भाग पोलादी. त्यांतला कोणता आधी वाकून बोलला?

आणखी मागे जाऊ. धातूच्या थकव्याचे शास्त्र जन्माला आले ते कशामुळे? ॲल्युमिनियम तेव्हा बाजारात जवळजवळ मिळतच नसे. १८४२ साली व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला, आणि रेल्वेचे धडधाकट दिसणारे आस अचानक का तुटतात, हा प्रश्न युरोपभर ऐरणीवर आला. जर्मनीत आउगुस्ट व्होलरने १८५० आणि ६०च्या दशकांत आस फिरवत ठेवून, मोजून तोडले, आणि ताण विरुद्ध आवर्तने हा संबंध जगाला दाखवून दिला. ते आस लोखंडाचे आणि पोलादाचे होते. न सांगता तुटण्याची कीर्ती लोखंडाच्या घराण्याची आहे. ॲल्युमिनियमला ती नंतर चिकटवली गेली.

आता सीमेचा युक्तिवाद. इथे थोडा हिशेब करावा लागेल. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन तो तपासावा. शर्यतीच्या सस्पेन्शनसाठी नावाजलेले ४१३० पोलाद नॉर्मलाइझ केलेल्या अवस्थेत साधारण ६७० मेगापास्कलला तुटते. त्याचे निम्मे ३३५. ॲल्युमिनियमच्या ६०६१ टी-६ या मिश्रधातूची थकव्यातली ताकद ९७ मेगापास्कलच्या आसपास दिली जाते, ७०७५ टी-६ची १५९च्या आसपास. पाहताक्षणी पोलाद दुप्पट-तिप्पट बलवान आणि खटला निकालात. पण वजन? पोलादाची घनता ७.८५, ६०६१ची २.७, ७०७५ची २.८. भागाकार करा. पोलादाला मिळतात ४३ गुण, ६०६१ला ३६, ७०७५ला ५७. म्हणजे सारख्याच वजनाचा भाग करायचा असेल, तर एक मिश्रधातू पोलादाच्या थोडा मागे आहे आणि दुसरा बराच पुढे. दुप्पट-तिप्पट कुठे गेले?

आणि ॲल्युमिनियमचा तो आकडा कितव्या आवर्तनाचा आहे? तो पन्नास कोटी आवर्तनांनंतरचा असतो. पन्नास कोटी म्हणजे किती, हे शर्यतीच्या भाषेत पाहू. साठ सेंटिमीटर व्यासाचे चाक किलोमीटरमागे सुमारे ५३० फेरे घेते, आणि फिरणाऱ्या हबवर दर फेऱ्याला एक आवर्तन येते. पन्नास कोटी फेऱ्यांना नऊ लाख किलोमीटरहून अधिक अंतर लागेल. एखादा हौशी मालक वर्षाला सराव आणि शर्यती मिळून हजार किलोमीटर धावतो असे धरा. नऊशे वर्षे. ज्याला याहून अधिक हवे त्याने देऊळ बांधावे.

यावर उत्तर येईल की आकडे प्रयोगशाळेतले आहेत; खऱ्या भागावर ओरखडे असतात, भोके असतात, कर्बचे धक्के असतात. अगदी बरोबर! पण मग पोलादाची सीमाही त्याच प्रयोगशाळेतली आहे. ती कोरड्या हवेत, घासून लखलखीत केलेल्या नमुन्यावर, एकाच मापाच्या ताणाखाली मोजलेली आहे. त्या नमुन्याला गंज लावा, सीमा नाहीशी होते. त्याच्यावर अधूनमधून मोठा धक्का द्या, तर तो धक्का तडा सुरू करतो आणि एरवी निरुपद्रवी ठरलेले लहान ताण तो तडा वाढवतात. सीमा पुन्हा नाहीशी. शर्यतीची गाडी म्हणजे लहान ताणांवर अधूनमधून मोठा धक्का, याचेच दुसरे नाव.

आणि वेल्डिंग? जुन्या गाडीचे पोलादी विशबोन म्हणजे नळ्या जोडून केलेले काम. वेल्डिंगच्या कडेला ताण साठतो, तिथे सूक्ष्म दोष असतात, आणि थकव्याचा तडा तिथूनच निघतो. वेल्ड केलेल्या सांध्याची थकव्यातली ताकद मूळ पोलाद साधे की भारी, यावर जवळजवळ अवलंबून नसते; वेल्डिंगची सगळी मानक कोष्टके हे धरूनच बनलेली आहेत. मग ३३५चा आकडा कोणाच्या कामाचा? नळीच्या मधल्या भागाच्या. आणि मधून विशबोन तुटलेले कोणी पाहिले आहे?

तरीही पोलाद म्हटले की एक सद्गुणी धातू आणि ॲल्युमिनियम म्हटले की एक दुर्गुणी धातू डोळ्यांपुढे येतो. इथे तर्कशास्त्रातला अतिव्याप्तीचा दोष उघड आहे. सच्छिद्र राहिलेले, वाळूच्या साच्यात घाईने ओतलेले ॲल्युमिनियम ताणले तर दोन-चार टक्केही लांबत नाही. घडीव ६०६१ दहा टक्क्यांहून जास्त लांबते. दोघांना एकाच पिंजऱ्यात उभे करणे हा न्याय नव्हे. उलट पोलादातही खूप कडक केलेल्या जातीच्या भागाला चकाकीसाठी क्रोम किंवा निकेलचा मुलामा दिला आणि नंतर तो भट्टीत तापवला नाही, तर मुलाम्याच्या वेळी आत शिरलेला हायड्रोजन त्याला आतून ठिसूळ करतो. असा भाग अनेकदा भार न वाढताही तुटतो. प्रदर्शनात चमकणाऱ्या कितीतरी जुन्या गाड्यांची विशबोन मुलाम्याची असतात. त्यांच्याकडे संशयाने कोणी पाहत नाही, कारण ती पोलादाची आहेत.

साक्षीदारांची उलटतपासणी राहिली. कॉमेटचे धड ॲल्युमिनियमचे होते आणि थकव्याने फाटले, हे निर्विवाद. फार्नबरोला एक अख्खे धड पाण्याच्या टाकीत ठेवून, दाब चढवून-उतरवून ते सिद्ध केले गेले. पण सिद्ध काय झाले? की धडाला पाडलेल्या चौकटींच्या कोपऱ्यांशी ताण अपेक्षेपेक्षा फार जास्त साठत होता. यावर विमान उद्योगाने उपाय काय केला? कोपऱ्यांचे आकार बदलले, पत्रा जाड केला, पूर्ण धडाच्या थकवा-चाचण्या सुरू केल्या, तपासणीचे वेळापत्रक लावले. पुढची कित्येक दशके प्रवासी विमानांची धडे ॲल्युमिनियमचीच राहिली. ज्या धंद्यात जीव गेले त्या धंद्याने धातूला दोषी धरले नाही. आपण का धरावे? रेव्हसनच्या गाडीत तुटले ते टायटॅनियम. तो पुरावा फार तर एवढेच सांगतो की नवा धातू जुन्या धातूच्या आकारात, त्याचा स्वभाव न ओळखता घालू नये. ॲल्युमिनियमचा त्यात संबंध नाही.

एक साक्षीदार प्रतिपक्ष नेहमी आणतो, तोही घेऊ: पोर्शे ९४४. हिच्या १९८५च्या मध्यानंतरच्या गाड्यांत पुढचे कंट्रोल आर्म पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचे आले, आणि ट्रॅकवर ते बॉल जॉइंटपाशी मोडल्याच्या कहाण्या आहेत. पण मोडले कोणत्या गाड्यांत, हे विचारा. बहुतांशी स्प्रिंग कापून किंवा बदलून जमिनीलगत आणलेल्या गाड्यांत. गाडी खाली बसली की आर्मचा कोन बदलतो, बॉल जॉइंटची दांडी आपल्या खोबणीच्या काठाला भिडते, आणि जो सांधा फिरायचा तो पहार होऊन आर्मला पिळू लागतो. ज्या भाराचा विचार रचनाकाराने केलाच नव्हता, तो भार मालकाने निर्माण केला. मग फाशी धातूला!

आता इतिहास. मला सर्वांत राग येतो तो इथे, कारण जे लोक इतिहासाची दुहाई देतात त्यांनी तो गाडीखाली वाकून पाहिलेला नसतो.

१९२४ साली लियोंच्या ग्रां प्रीत बुगाती टाइप ३५ अवतरली. तिची चाके ओतीव ॲल्युमिनियमची, आठ चपट्या आऱ्यांची, ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. तिचा पुढचा आस मात्र पोकळ, घडीव पोलादाचा. त्या पहिल्या शर्यतीत तिला छळले ते टायरांनी, चाकांनी नव्हे. एकाच माणसाने, एकाच गाडीत, स्प्रिंगच्या खालच्या बाजूला दोन्ही धातू वापरले. वाकवणाऱ्या भाराखालचा सडपातळ आस पोलादाचा. रुंद, गुंतागुंतीच्या आकाराचे चाक ॲल्युमिनियमचे. एत्तोरे बुगातीला या दोन धातूंत भांडण दिसले नाही.

साठच्या दशकातली ब्रिटिश शर्यतीची गाडी घ्या. विशबोन पोलादी नळ्यांचे. पण मागचा अपराइट, ज्याच्यात चाकाचे बेअरिंग बसते आणि ज्याच्यावर ब्रेकचा, इंजिनाचा, वळणाचा सगळा भार येतो? तो ओतीव मॅग्नेशियमचा, म्हणजे ॲल्युमिनियमपेक्षाही हलक्या आणि जास्त हळव्या धातूचा. लोला टी-७०, मॅकलॅरनच्या कॅन-ॲम गाड्या, लोटसच्या ग्रां प्री गाड्या, सगळीकडे हाच संसार. मग ‘त्या काळच्या गाड्या पोलादावर धावल्या’ हे विधान अर्धे खरे आहे, आणि सोडलेला अर्धा भागच प्रश्नाचे उत्तर आहे.

विशबोन पोलादाचे का होते, याचेही कारण सुरक्षितता नव्हते. सर्बिटनमधले कूपर किंवा हॉर्नसीतले लोटस हे सुरुवातीला गॅरेजवजा कारखाने. नळी कापली, जिगमध्ये बसवली, जोडली. विशबोन संध्याकाळपर्यंत तयार. ॲल्युमिनियमचे घडीव विशबोन हवे तर पोलादाचे महागडे साचे आणि प्रचंड प्रेस हवा, आणि करायचे असतात मोजके नग. उलट अपराइटसाठी लाकडाचा पॅटर्न सुताराकडून करून फाउंड्रीत दिला की काम भागे. लोटस १८च्या पुढच्या बाजूला तर ट्रायम्फ हेराल्डच्या घडीव पोलादी अपराइटची जात वापरली, कारण ते दुकानात तयार मिळत. धातू ठरला तो पैशाने, आकाराने आणि हाताशी असलेल्या यंत्राने. पन्नास-साठ वर्षांनी आपण त्या काटकसरीला तत्त्वज्ञान म्हणतो.

ज्यांच्याकडे पैसा आणि प्रयोगशाळा होती, त्यांनी काय केले? पोर्शेने १९६९च्या ९१७ गाडीचा सांगाडाच ॲल्युमिनियमच्या वेल्ड केलेल्या नळ्यांचा केला. वजन पन्नास किलोच्या आत. हा सांगाडा झाला, सस्पेन्शन नव्हे, असा आक्षेप येईल. पण सस्पेन्शनचा प्रत्येक भार शेवटी त्याच नळ्यांत उतरतो, आणि वेल्ड केलेले ॲल्युमिनियम हा त्या धातूचा सर्वांत दुबळा अवतार. सांध्यालगत ६०६१सारख्या धातूची निम्म्याच्या आसपास ताकद उष्णतेने जाते. पोर्शेच्या अभियंत्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी नळ्यांत दाबाखाली वायू भरला आणि दाबमापक बसवला. काटा खाली आला की कुठेतरी तडा गेला आहे. १९७० साली अशाच गाडीने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९७१च्या विजेत्या ९१७चा सांगाडा तर मॅग्नेशियमचा होता, आणि तिने कापलेल्या ५,३३५ किलोमीटरचा विक्रम २०१०पर्यंत अबाधित राहिला. तडा जाईल हे कबूल करून, तो दिसेल अशी व्यवस्था करून जिंकणे, ही अभियांत्रिकी. तडा जाईल म्हणून धातूच टाकणे हा सोवळेपणा झाला.

त्याच पोर्शेने १९७४च्या मॉडेलपासून रस्त्यावरच्या ९११चे मागचे ट्रेलिंग आर्म पोलादी पत्र्याऐवजी ओतीव ॲल्युमिनियमचे केले. त्या गाड्या आज स्वतःच जुन्या झाल्या आहेत आणि त्याच आर्मवर ट्रॅकवर धावत आहेत. १९८४च्या कॉर्व्हेटने घडीव ॲल्युमिनियमचे आर्म आणले. आज पुण्याच्या भारत फोर्जची जर्मनीतली उपकंपनी मोटारींच्या सस्पेन्शनसाठी ॲल्युमिनियमचेच भाग घडवते. घडीव पोलादावर नाव कमावलेल्या घराण्याला त्यात धर्मभंग वाटला नाही.

तपासणीच्या मुद्द्यात मात्र प्रतिपक्षाचे म्हणणे सर्वांत बळकट आहे. चुंबकीय तपासणी पृष्ठभागाच्या किंचित खालचा तडाही दाखवते, आणि ॲल्युमिनियमवर ती चालत नाही. तिथे रंगद्रव्य झिरपवून तडा शोधावा लागतो, आणि तो पृष्ठभागावर उघडलेला असेल तरच सापडतो. मान्य. पण थकव्याचा तडा बहुतेक पृष्ठभागावरच जन्मतो, आणि ही तपासणी स्वस्त आहे. तीन बाटल्या आणि स्वच्छ फडके. शिवाय पोलादाची ती सोय प्रत्यक्षात वापरली किती जाते? विशबोनवर पावडर कोटिंगचा जाड थर असतो. तो न उतरवता केलेली तपासणी ही तपासणी नव्हे, आणि तो दरवर्षी उतरवायला मालक तयार नसतो. नळीच्या आतून लागलेला गंज बाहेरून दिसतच नाही. सव्वा मिलिमीटर जाडीच्या भिंतीला आतून पाव मिलिमीटरचा खड्डा पडला, की पाचवा हिस्सा गेला. ज्या धातूवर विश्वास असतो, त्याची तपासणी लांबते. मग चुंबक घरी असून उपयोग काय?

म्हणजे सगळीकडे ॲल्युमिनियम घालावे, असे मी म्हणतो का? मुळीच नाही, आणि हलक्या धातूचे जे भगत आहेत त्यांच्याशीही माझे भांडण आहे. स्टब ॲक्सल, बॉल जॉइंटची दांडी, जिथे जागा ठरलेली आणि ताण प्रचंड, तिथे पोलादच हवे. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक-तृतीयांश आहे. पोलादी भागाच्या जागी त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा बसवला तर तो तिप्पट लवेल. त्याचा फायदा आकार वाढवण्याची मुभा असेल तरच. सारख्या रुंदीची, लांबीची आणि वजनाची पट्टी घेतली, तर ॲल्युमिनियमची पट्टी जवळजवळ तिप्पट जाड होते आणि वाकण्याला सुमारे आठपट विरोध करते. आकार न बदलता धातू बदलणारा माणूस दोन्ही पक्षांत सारखाच चूक. अपराइटमध्येही एक मेख आहे. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या दुपटीने फुगते. बहात्तर मिलिमीटरचे बेअरिंग बसवले आणि ब्रेकच्या धगीने अपराइट ऐंशी अंशांनी तापला, तर बेअरिंग आणि त्याच्या घरात सहा-सात शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. नेहमीची घट्ट बसवणी तेवढ्याने सैल होऊ शकते. आणि ७०७५चा भाग पावडर कोटिंगच्या भट्टीत कधीच घालू नये. तो सुमारे १२० अंशांना पक्व केलेला असतो, भट्टी १८०-२०० अंशांची. ताकद रंगाबरोबर जाते.

पण ज्या गाडीला मुळात हलक्या धातूचा अपराइट होता, तिला त्याच आकाराचा पोलादी घालणे ही कोणती सुरक्षितता? वजन मॅग्नेशियमच्या चौपट होते, आणि ते स्प्रिंगच्या खाली, चाकाबरोबर आपटणारे वजन. डॅम्पर त्याच्यासाठी नव्हता, स्प्रिंग नव्हती. आपटीचा भार जातो कुठे? विशबोनच्या बुशात, आणि तिथून १९६२च्या लोटस २५सारख्या गाडीत पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या मोनोकॉक सांगाड्यात. पोलादी भाग वाकत नाही; त्याला धरणारी कडी फाटते. मोडण्याची जागा चाकापाशी होती, ती चालकाच्या पायांपाशी आणली, एवढेच. शिवाय गाडी खोटी झाली, ते वेगळेच. ऐतिहासिक शर्यतींचे आंतरराष्ट्रीय नियम, ज्यांना परिशिष्ट ‘के’ म्हणतात, गाडी तिच्या काळातल्या स्वरूपात असावी असे सांगतात. हा नियम पोलादाचे ॲल्युमिनियम करणाऱ्याला प्रतिपक्ष मोठ्या आवाजात वाचून दाखवतो. तो उलट दिशेनेही तसाच लागू आहे.

शेवटचा आक्षेप सभ्य स्वरात येतो. हे सारे तज्ज्ञांसाठी ठीक. पण सामान्य मालकाला मिश्रधातू ओळखता येत नाही, तो भागांच्या वयाची नोंद ठेवत नाही, तडे शोधत नाही, त्याच्यासाठी तरी पोलादच बरे. स्पाला त्या दिवशी मॉसची गाडी सामान्य मालकाची नव्हती. रॉब वॉकरचा नामांकित संघ, निष्णात कारागीर आणि पोलादी स्टब ॲक्सल, सगळे होते. आणि जो नोंद ठेवत नाही, तडे शोधत नाही, त्याला ताशी दोनशे किलोमीटरने वळणात शिरायची परवानगी पोलाद कोणत्या अधिकाराने देते?